तापती केबल आणि गोव्याचा पाऊस

गोव्यातल्या सर्वणला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. मग ती अंगणात उन्हाला ठेवायची, नाहीतर चुलीजवळ सरकवायची, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. खोबरेल साधारण २४ अंशांना गोठतं आणि त्या दिवसांत आमच्या बाजूला पहाटेचा पारा त्याहून खाली उतरतो. कारखान्यातल्या पाइपांत याहून हट्टी पदार्थ असतात आणि शंभर-दोनशे मीटरची लाइन काही उन्हात ठेवता येत नाही. तिला बाहेरून ऊब द्यावी लागते. पाइपाला लगटून तापणारी केबल ओढायची, वरून लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं आवरण, करायचं आणि आतला माल वाहता ठेवायचा, या पद्धतीला कारखान्यांत हीट ट्रेसिंग किंवा नुसतं ट्रेसिंग म्हणतात.

यासाठी कुठली केबल घ्यावी, की वाफच बरी, हा वाद पन्नास वर्षं चालू आहे. तो बहुतेक थंड देशांत झाला, त्यामुळे त्यातले पुष्कळ निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. डिचोली, तुये, कुंडई किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्याला उपयोगी पडेल अशा बेताने त्या वादाचा आढावा इथे घेतला आहे.

गरम मुलखात कशाला?

उत्तर अमेरिकेत किंवा युरोपात ट्रेसिंगचं पहिलं काम म्हणजे पाणी गोठू न देणं. टोरांटोकडे किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या नातलगांना नळाला गुंडाळायची हीट टेप ठाऊक असते. गोव्यात ती गरज नाही, म्हणून इथे ट्रेसिंगच नको, असं अनेकांना वाटतं. पण प्रश्न हवेच्या थंडीपेक्षा मालाच्या स्वभावाचा आहे. पाम तेल पस्तिशीच्या आसपास घट्ट व्हायला लागतं, फिनॉल ४१ अंशांना गोठतं. मेण बहुधा पन्नास ते साठच्या दरम्यान, स्टिअरिक आम्ल ६९ अंशांच्या आसपास आणि गंधक तर ११५ च्या पुढेमागे. फर्नेस ऑइल गोठत नाही, पण ते शंभर अंशांच्या आसपास तापवून बर्नरपर्यंत नेलं नाही तर त्याचा नीट फवारा होत नाही. रस्त्याच्या डांबराला पंपातून ढकलायचं तर त्याहूनही जास्त तापमान लागतं. या मंडळींच्या लेखी मे महिन्यातलं गोवंसुद्धा थंडच.

पाणी गोठण्याची खरी भीती इथे एकाच ठिकाणी आहे, ती शीतगृहात. मासळी गोठवणाऱ्या युनिटात कॉइलवरचा बर्फ वितळवला की ते पाणी निचऱ्याच्या पाइपात पुन्हा गोठतं, म्हणून त्या पाइपात हीटर वायर घालतात. दाराच्या चौकटीत तशीच एक बारीक वायर असते, नाहीतर दाराचं रबर चौकटीला चिकटून बसतं. फरशीखालची ओल गोठून फुगली तर अख्खी फरशी वर उचलली जाते, म्हणून मोठ्या शीतगृहांत जमिनीखालीही ऊब द्यावी लागते. ओले हात, ओली फरशी आणि वीज इथे एकत्र येतात. सुरक्षिततेची चर्चा रिफायनरीपुरती नाही, ती या दारापासून सुरू होते.

वाफेपासून केबलपर्यंत

आधी वाफ होती. मुख्य पाइपाला लागून अर्ध्या इंचाची तांब्याची नळी न्यायची, तिच्यातून वाफ सोडायची आणि टोकाला निवलेल्या वाफेचं पाणी बाहेर सोडणारा स्टीम ट्रॅप लावायचा. तेलशुद्धीकरण आणि रसायन उद्योग विसाव्या शतकात याच पद्धतीवर वाढले आणि आजही ती भक्कमपणे टिकून आहे.

विजेच्या बाजूने सुरुवातीची मजबूत केबल आली ती दुसऱ्याच कामातून. धातूच्या नळीत तार आणि भोवती ठासून भरलेली खनिज भुकटी अशा केबलची कल्पना स्वित्झर्लंडच्या आर्नोल्ड बोरेल याने १८९६ मध्ये मांडली होती. आग लागली तरी चालू राहणारी वायर म्हणून ती प्रसिद्ध झाली. पुढे आतली तार जास्त रोधाची घालून तिचीच तापणारी केबल बनली. मोठी उडी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पडली. कॅलिफोर्नियातल्या रेकेम कंपनीने स्वतःची उष्णता स्वतःच सांभाळणारी, म्हणजे सेल्फ-रेग्युलेटिंग केबल बाजारात आणली. लांब पल्ल्याच्या पाइपलाइनसाठी जपानमध्ये स्किन इफेक्टची पद्धत तयार झाली होती. पाइपाला लोखंडी नळी जोडायची, तिच्यातून इन्सुलेशन असलेली केबल न्यायची आणि दूरच्या टोकाला केबल व नळी एकमेकांना जोडायच्या. परतीचा एसी प्रवाह नळीच्या आतल्या पृष्ठभागालाच धरून वाहतो आणि नळी तापते.

या शेवटच्या पद्धतीचं सर्वांत मोठं उदाहरण भारतातच आहे. राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यातल्या मंगला क्षेत्राचं तेल मेणाने इतकं भरलेलं आहे की साध्या हवेत ते पाइपातच थिजेल. २००९ मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं आणि तेल गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत नेण्यासाठी सुमारे ६७० किलोमीटरची, सलग तापवलेली पाइपलाइन टाकली गेली. आतलं तेल ६५ अंशांच्या आसपास ठेवतात. वाळवंटातून जाणाऱ्या लाइनला ऊब द्यावी लागते, हे ध्यानात घेतलं की गोव्यातली शंकाही मिटावी.

केबलच्या पोटात

सेल्फ-रेग्युलेटिंग केबल कापून पाहिली तर तांब्याच्या दोन समांतर तारा आणि त्यांच्या मधोमध काळं, रबरासारखं प्लास्टिक दिसतं. ते काळेपण कार्बनच्या भुकटीचं. थंडीत प्लास्टिक आक्रसतं, कार्बनचे कण एकमेकांना टेकतात, एका तारेकडून दुसरीकडे जायला प्रवाहाला असंख्य वाटा मिळतात आणि केबल तापते. तापली की प्लास्टिक फुगतं, कण दुरावतात, वाटा तुटतात आणि उष्णता कमी होते. हे प्रत्येक जागी स्वतंत्रपणे घडतं. सावलीतला तुकडा जास्त तापतो, भट्टीशेजारचा कमी. मात्र ती पूर्ण बंद कधीच होत नाही, थोडी वीज खातच राहते.

या रचनेतूनच एक नेहमीची चूक जन्माला येते. तार-हीटरवर हात बसलेला वायरमन केबलच्या शेवटच्या टोकाला दोन्ही तारा सोलतो आणि ‘सर्किट पुरं करायला’ पिळून एकत्र बांधतो. सिरीज हीटरमध्ये ते बरोबर असतं. इथे त्या दोन तारा म्हणजे फेज आणि न्यूट्रल. पिळल्या की थेट शॉर्ट. टोक मोकळं ठेवून, केबलवरची धातूची जाळी मागे कापून, त्यावर कंपनीचीच एंड सील बसवायची असते. काळी टेप गुंडाळून भागत नाही, कारण त्या काळ्या गाभ्यात पाणी शिरलं की पुढची कहाणी तिथूनच सुरू होते.

कोण काय म्हणतं

वाफेच्या बाजूचे लोक सांगतात की बॉयलर आहेच, वाफ उरते, तिच्यापासून ठिणगी पडत नाही आणि गोठलेली लाइन ती लवकर सोडवते. साखर कारखान्याला हे सगळं लागू पडतं. भुसा जाळून वाफही तिथलीच आणि बहुतेक ठिकाणी वीजही तिथलीच. पण तिथेच वाफेची मर्यादाही दिसते. साठवलेली मळी चाळीस अंशांपलीकडे तापू द्यायची नसते, ती बिघडते आणि स्वतःच तापत जाऊ शकते. ट्रेसिंगची वाफ असते १४०-१५० अंशांची. तिला आवर घालणं अवघड. शिवाय ट्रॅप गळतात आणि गळती ऐकायला रोज कुणी फिरत नाही. बॉयलर म्हटलं की परवाना, तपासणी आणि प्रमाणपत्रधारक माणूस हेही आलं. लहान युनिटाला हा व्याप परवडत नाही.

ठरावीक वॅटच्या केबलचे समर्थक म्हणतात, हिचं उत्पादन अंदाजावर नाही. मीटरला २० वॅट म्हणजे २० वॅट, पहिल्या दिवशी आणि दहाव्या वर्षी. खनिज भुकटीची केबल तर डांबर-गंधकाची तापमानं सहज पेलते, तिथे प्लास्टिकच्या बहुतेक केबली टिकत नाहीत. दोष असा की ती दुसऱ्या वळशावर चढली तर तिथेच जळते, आणि थर्मोस्टॅट बिघडून चालत नाही. सिरीज केबल साइटवर कापून लहान केली तर रोध घटतो, प्रवाह वाढतो आणि ती आखणीपेक्षा जास्त तापते. ‘थोडी उरली म्हणून कापली’ हे वाक्य इथे धोक्याचं.

सेल्फ-रेग्युलेटिंगवाल्यांचं म्हणणं सरळ आहे. हवी तेवढी कापा, व्हॉल्व्हवर एकावर एक गुंडाळा, केबल स्वतःला जाळून घेणार नाही. माझ्या मते लहान आणि मध्यम कारखान्यासाठी सव्वाशे अंशांच्या आतल्या कामाला हीच निवड बहुधा योग्य ठरते. पण तिच्यावरचे आक्षेपही खरे आहेत. वर्षानुवर्षं तापत-निवत राहिल्यावर काळ्या गाभ्याचं उत्पादन घटतं. ज्या लाइनीत अधूनमधून वाफ मारून सफाई होते तिथे चुकीच्या श्रेणीची केबल एका फेरीत निकामी होऊ शकते. आणि थंड असताना चालू केली की पहिली काही मिनिटं ती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढते.

चौथा पक्ष कमी ऐकू येतो. ते म्हणतात, ट्रेसिंग टाळता येतं का ते आधी बघा. लाइनीला उतार द्या, काम संपलं की ती रिकामी करा, माल टाकीत परत फिरता ठेवा. दिवसातून एकदाच वापरल्या जाणाऱ्या छोट्या लाइनीसाठी हा सल्ला सगळ्यांत स्वस्त आहे.

हिशोब लॅगिंगचा आहे

या वादात एक आकडा नेहमी मागे पडतो. दोन इंची पाइप, आतला माल ६० अंशांवर, बाहेरची हवा २० अंश, वर ५० मिलिमीटर कोरडं रॉकवुल: मीटरमागे उष्णता जाते सुमारे १० वॅट. तोच पाइप उघडा असेल तर शांत हवेतही ७५ वॅटच्या आसपास जाते, वाऱ्यात आणखी. म्हणजे केबल कुठल्याही जातीची असो, तिची लढाई लॅगिंग लढतं.

आता ते रॉकवुल भिजलं तर? पाणी कोरड्या रॉकवुलच्या सुमारे १५ पट उष्णता वाहून नेतं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. थंड देशांतल्या पुस्तकांत बर्फाचे तक्ते सापडतात, पण आपला शत्रू हा पाऊस आहे.

एका ऑगस्टमध्ये एका कारखान्यात तेलाची लाइन थंड पडते म्हणून बघायला गेलो होतो. केबल बदलायची तयारी झाली होती. एल्बोवरचं ॲल्युमिनियमचं क्लॅडिंग उघडलं तर आतून पाण्याची धार लागली. रॉकवुल भिजलेल्या फडक्यासारखं लोंबत होतं आणि पाइपावरून हात फिरवला तर गंजाचे पापुद्रे तळव्यावर आले. केबल शाबूत होती. चूक पत्र्याच्या सांध्यात होती. सांधा वरच्या अंगाला आला होता आणि खालचा पत्रा वरच्यावर चढवला होता. मंगळुरी कौलं शाकारणारा माणूस ही चूक कधीच करणार नाही, वरचं कौल खालच्यावर यावं हे त्याच्या हातातच असतं. लॅगिंग करणाऱ्याला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. लॅगिंगखालचा गंज साधारण पन्नास ते सव्वाशे अंशांच्या दरम्यान फार जोर धरतो, आणि बहुतेक ट्रेसिंग नेमकं त्याच पट्ट्यात चालतं.

पॅनल उघडल्यावर दुसरी गोष्ट दिसली. आरसीसीबी, म्हणजे गळती दिसताच सर्किट तोडणारा स्विच, वारंवार पडते म्हणून कुणीतरी तिच्या वरून खाली वायरचा तुकडा टाकून ती बाद करून ठेवली होती.

पाणी आणि ठिणगी

तो तुकडा का धोक्याचा, हे नीट समजून घ्यायला हवं. एमसीबी जास्त प्रवाह ओळखते. पण ओल शिरलेल्या केबलमध्ये तारेकडून जाळीकडे जी बारीक ठिणगी चालते तिचा प्रवाह एवढा कमी असतो की एमसीबी त्याची दखलही घेत नाही. ठिणगी मात्र केबल जाळत पुढे सरकत राहते आणि तिच्या भोवती तेल पिऊन बसलेलं लॅगिंग असतं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने एके काळी घरगुती हीट टेपमुळे वर्षाला सुमारे २,००० आगी लागतात असा अंदाज दिला होता. त्या अनुभवातूनच दोन अटी आल्या: केबलवर धातूची जाळी हवी आणि ती अर्थिंगला जोडलेली हवी, आणि प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरच्या पातळीवर गळती ओळखणारं संरक्षण हवं. आपल्याकडे केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही अर्थ लीकेज संरक्षणाची अट आहे. प्लास्टिकच्या पाइपावर तर जाळीशिवाय गळतीला परतायला वाटच नसते.

ज्वालाग्राही वायूच्या जागी आणखी एक पायरी येते. केबलचा पृष्ठभाग किती तापू शकतो त्यावरून तिला वर्ग मिळतो, टी-३ म्हणजे कमाल २०० अंश, टी-४ म्हणजे १३५, टी-६ म्हणजे ८५. आसपासचा वायू ज्या तापमानाला आपोआप पेटतो त्याच्या खालीच हा आकडा हवा. अशा उपकरणांना आपल्याकडे मान्यता देते ती नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना. केबलला मान्यता आहे पण जंक्शन बॉक्स आणि ग्लँड बाजारातले साधे, असं असेल तर त्या मान्यतेला अर्थ उरत नाही.

तपासणीचं साधन जुनंच आहे, इन्सुलेशनचा रोध मोजणारा मेगर. रिळावर असताना एकदा, पाइपावर बांधल्यावर एकदा आणि लॅगिंग झाल्यावर एकदा, अशी तीनदा. तारा आणि जाळी यांच्यात किमान २० मेगाओहम यायला हवेत. तिसरी तपासणीच बहुतेक वेळा राहते, आणि क्लॅडिंगचे स्क्रू केबलमध्ये घुसतात ते तिच्याआधी.

गोठलेल्या लाइनीला कधी घाई करू नये. मेण किंवा गंधक वितळताना फुगतं. दोन्ही बाजूंना गोळा घट्ट आणि मधला भाग आधी वितळला तर त्याला जायला जागा नसते, दाब चढतो आणि पाइप किंवा फ्लँज फुटतो. अंगावर उडतो तो तापलेला माल. म्हणून सुरुवात नेहमी उघड्या टोकाकडून करायची, आणि गॅस कटरची ज्योत तर लावायचीच नाही.

जे अजून सुटलेलं नाही

सर्वांत मोठा उघडा प्रश्न त्या वायरच्या तुकड्याचाच आहे. गळती दिसली की सर्किट तोडावं, की नुसती घंटा वाजवावी? अमेरिकेची विद्युत संहिता काही अटींवर घंटेला परवानगी देते: जागेवर फक्त प्रशिक्षित माणसं असतील आणि ऊब बंद पडण्यातच जास्त धोका असेल तर. इतरत्र सर्किट तोडण्याकडेच कल आहे. दोन्हीकडे तथ्य आहे. लांब सर्किटात दमट हवेत थोडी गळती मूळचीच असते आणि ३० मिलिअँपिअरवर ती पुन्हा पुन्हा तुटते. सर्किटं लहान करणं आणि मूळ गळती मोजून पातळी तिच्या वर ठेवणं हा मधला मार्ग आहे, पण त्याने पॅनलचा खर्च वाढतो. मासळीच्या युनिटात जिथे माणसाचा हात पोचतो तिथे मात्र या वादाला जागा नाही, सर्किट तुटलंच पाहिजे.

दुसरा प्रश्न वीज जाण्याचा. पावसाळ्यात डिचोली-पेडण्याच्या बाजूला झाड पडून लाइन गेली की जनरेटरवर पंप चालतात, ट्रेसिंग बहुधा वगळलेलं असतं. वीज परतली की सगळ्या गार केबली एकदम प्रवाह ओढतात आणि एमसीबी पडतात. टप्प्याटप्प्याने सर्किटं चालू करणारा टायमर हा साधा उपाय आहे, तरी आखणीत तो क्वचितच दिसतो.

तिसरा प्रश्न ऊर्जेचा. गोव्याची वीज मुख्यतः बाहेरच्या औष्णिक केंद्रांतून येते. कोळशातून वीज होताना निम्म्याहून जास्त उष्णता तिथेच जाते, मग ती वीज पुन्हा उष्णतेसाठी वापरायची. बॉयलर कागदावर यापेक्षा बराच सरस, पण गळके ट्रॅप आणि उघड्या नळ्या धरल्या तर ते अंतर किती उरतं हे कारखान्यागणिक बदलतं. सौर वीज वाढेल तसं पारडं केबलकडे झुकेल. गोठण्याची वेळ मात्र रात्रीची.

जुन्या सेल्फ-रेग्युलेटिंग केबलचं आयुष्य किती उरलं हे बाहेरून सांगणारी सोपी कसोटी अजून नाही. मेगर इन्सुलेशन सांगतो, गाभ्याची ताकद सांगत नाही. ठरावीक तापमानाला ओढलेला प्रवाह दरवर्षी नोंदवून ठेवणं एवढंच हातात आहे, आणि त्यासाठी पहिल्या दिवसाची नोंद असावी लागते.

डिचोलीच्या आयटीआयमधून बाहेर पडणारी मुलं उद्या या पॅनलांसमोर उभी राहणार आहेत. हातभर केबलचा तुकडा, एक एंड सील आणि मेगर एवढं त्यांच्या हातात एका दुपारी दिलं तरी पिळलेल्या तारांची चूक संपेल. आणि ज्यांच्याकडे आज ट्रेसिंग चालू आहे त्यांना एकच विनंती: मे महिना संपायच्या आत क्लॅडिंगचे सांधे खालून बघा, प्रत्येक सर्किटला मेगर लावा, आकडा तारखेसह वहीत लिहा. आरसीसीबीवर वायरचा तुकडा दिसला तर तो त्याच दिवशी काढा आणि ती का पडत होती ते शोधा.